विहाराच्या वेबसाइटवरचे आवाज

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. तब्येतीचं, डोळ्यांचं निमित्त करत आलो. आमच्या बुवापाड्यात आजही एका मुलीला ज्याचा दोष देतात, तो दोष माझा आहे.

आनंदनगरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी आमच्या विहाराचा सचिव झालो. दीक्षा घेतलेल्या पहिल्या पिढीतली थोडीच माणसं उरली होती. त्यांच्या आठवणी, गाणी घरच्यांनी फोनवर रेकॉर्ड करायची आणि विहाराच्या वेबसाइटवर चढवायची, असं ठरलं. वेबसाइट शेजारच्या गल्लीतल्या मुलीने केली. ती आयटीत होती. नोकरी सांभाळून हे हौसेने करत होती.

तिने मला नीट समजावलं होतं. "काका, हे कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या एका बंद डब्यात चालतं. काही बदल केला की जुना कंटेनर जातो आणि नवा येतो, तो कोरा. आतलं काही उरत नाही. म्हणून रेकॉर्डिंग बाहेर, वेगळ्या डिस्कवर ठेवायची, आणि तिची कॉपी क्लाउडवर. खर्चाला कमिटीने हो म्हटलं की लगेच जोडते. तोवर फोनमधलं कुणी उडवू नका, एवढं सगळ्यांना सांगा."

मी मान डोलावली. बैठक बोलावणं माझं काम, ते पुढे ढकलत राहिलो. वेबसाइटवर आवाज ऐकू येत होते, मग घाई कसली?

फोन मात्र भरत चालले होते. एका बाईंनी विहाराच्या पायरीवर मला गाठलं. "भाऊ, आईच्या गाण्यांनी फोन हँग होतोय. वेबसाइटवर गेलंय ना सगळं? उडवू का?"

"उडवा की," मी म्हणालो. नंतर जो विचारेल त्याला तेच सांगितलं.

पुढे मीच त्या मुलीला म्हटलं, अक्षरं बारीक आहेत, म्हाताऱ्यांना दिसत नाहीत.

"करते मोठी. पण कंटेनर बदलेल, आतल्या फाइली जातील. मूळ रेकॉर्डिंग सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत ना? परत चढवून घेऊ."

आपण कुणालाच सांगितलं नाही, हे कबूल करायला जीभ रेटेना. "आहेत," म्हणालो.

अक्षरं मोठी झाली. आवाज गेले. त्या बाईंची आई दरम्यान वारली होती.

विहारात सगळे जमले. बाई मुलीला म्हणाल्या, "एवढी शिकलीस गं, माझ्या आईचा आवाज ठेवायला तुला जागा नाही सापडली?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी माइकची वायर गुंडाळत होतो.

"चुकलं, मावशी," ती म्हणाली. "बदलायच्या आधी मी कॉपी काढून ठेवायला हवी होती."

मग तिने डिस्क जोडली, क्लाउडवर रोज कॉपी जाईल अशी सोय केली. कंटेनर सगळ्यांसमोर काढून नवा चालू करून दाखवला. जे थोडे आवाज काही जणांच्या फोनमधून पुन्हा मिळाले होते, ते जागेवर होते. लोक उठून चपला घालू लागले. पासवर्ड माझ्याकडे देऊन ती यायची थांबली.

परवा खरवईला तिच्या नव्या घरी गेलो, मुद्दाम हे कबूल करायला. तिने चहा ठेवला, विचारलं, "बॅकअप चालू आहे ना, काका?"

मी तोंड उघडलं आणि निघालं ते असं: "बाळा, तुझी ती चूक लोक विसरलेत आता. येत जा विहारात."

"चहा घ्या, गार होईल," ती म्हणाली.

म्हणायचं होतं ते एवढंच: तू मला बजावलं होतंस, मी कुणालाच सांगितलं नाही. वर तुझ्याशी खोटं बोललो. मला माफ कर, बाळा.