उत्तरेला डोकं करून निजवलेला टीव्ही

टीव्ही बराच वेळ चालला की त्याच्या पाठीमागून तापलेल्या धुळीचा वास येतो. आज ग्रामपंचायतीची एक यादी मोठ्या पडद्यावर लावून तपासत बसले होते, तेव्हा तो आला आणि सासूबाई आठवल्या. इतरांना सासू लोणच्यावरून आठवत असेल. मला टीव्हीच्या पाठीवरून आठवते.

आत्याबाई म्हणायचे मी त्यांना. जन्मभर मेंढरांमागे चाललेली बाई. अक्षर एकही वाचता येत नव्हतं, पण तळ्याभोवतीचा सगळा माळ पायांना पाठ होता. एका वर्षी गायरानात झाडं लावून तारकुंपण घालायचं ठरलं. पंचायतीचं संगणकाचं काम मीच करते, म्हणून कुंपणाचा नकाशा माझ्याकडे आला. त्याच दिवशी दुपारच्या ग्रामसभेत तो मंजूर व्हायचा होता आणि त्यात मेंढरांची तळ्यावर जायची वाटच नव्हती. वाट नाही म्हणजे कुंपणाला फाटक नाही, म्हणजे अख्ख्या वस्तीची मेंढरं पाण्यावाचून. वाट नेमकी कुठून जाते ते आत्याबाईंनाच विचारायचं ठरवलं, पण लॅपटॉपच्या वीतभर पडद्यावर त्यांना काही दिसेना. मग मी केबल जोडली आणि टीव्हीला दुसरा पडदा केलं. लॅपटॉपवर गट नंबरांची यादी, टीव्हीवर नुसता नकाशा. माउसचा बाण लॅपटॉपच्या कडेवरून, मेंढरानं बांध ओलांडावा तसा, अलगद टीव्हीवर गेला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

आत्याबाईंनी बराच वेळ निरखून पाहिलं. "तळं उगवतीला हाय. हितं मावळतीला कावून गेलं?"

"नकाशात वरची बाजू उत्तर असते, आत्याबाई."

"वर आभाळ असतंय. उत्तर तिकडं हाय," त्यांनी पाठीमागे हात केला.

टीव्ही दक्षिणेच्या भिंतीवर होता. जमीन पायाखाली असते, ती भिंतीवर टांगलेली त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. वाद घालायला वेळ नव्हता. मी टीव्ही उतरवला, बाजेवर गोधडी अंथरली आणि नकाशाची उत्तर खऱ्या उत्तरेला येईल असा तो उताणा ठेवला. दारातून नवरा म्हणाला, "आगं, उत्तरेला डोकं करून मढं निजवत्यात! मालिका बघायचा टीव्ही हाय त्यो."

"तू गप ऱ्हा बे," आत्याबाई लेकावर खेकसल्या आणि बाजेवर वाकल्या. "आता बसलं समदं जागच्या जागी. ह्यो वढा. ही बाभळीची रांग. हितून खाली, खडकाला वळसा, की पाणी."

त्यांचं बोट काचेवरून चालत होतं आणि त्याच्यामागून माझी तांबडी रेघ. शेजारच्या यादीत एकेक गट पडताळत गेले. वाट कुणाच्याच शेतातून जात नव्हती, सगळी गायरानातलीच होती. म्हणजे हरकत घ्यायला कुणाला जागाच नव्हती. ग्रामसभेत मी नकाशा ठेवला, वाट मात्र आत्याबाईंनी उभं राहून सांगितली. रेघ कायम झाली, फाटक ठेवलं गेलं.

आत्याबाई जाऊन आता काही वर्षं झाली. वस्तीत मेंढरं पूर्वीइतकी नाहीत, पुढे आणखी कमी होतील. माणसं जातात, कळप पांगतात, त्याला इलाज नाही. मात्र पंचायतीच्या दप्तरात ती वाट आहे. नकाशातल्या बाकी सगळ्या रेघा शिकलेल्या माणसांनी ओढलेल्या आहेत, ही एक सोडून. कुणी नकाशा मागायला आलं की ती मी आधी दाखवते, आणि कुणी सांगितली तेही.