सदर वस्तू

बस-स्थानकाच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीखाली, एक अरुंद खोली आहे आणि तिला एकच खिडकी. खिडकीवर पाटी: हरवले-सापडले. या खिडकीत एकोणीस वर्षं बसलेल्या बाईंना अख्खं स्थानक बेवारसबाई म्हणतं. पहिल्यांदा कुणी तसं म्हणालं तेव्हा बाईंनी त्याची चांगली खरडपट्टी काढली होती. पुढे त्याच नावाने हाक आली की त्या 'ओ' देऊ लागल्या. टोपणनाव एकदा चिकटलं की चिकटलं.

माणसं काय काय विसरतात, विचारू नका. छत्र्या, डबे, चष्मे हे तर रोजचंच. पण कवळी? एका गृहस्थांनी वरची कवळी बसमध्येच ठेवली आणि दोन दिवसांनी तोंडावर रुमाल धरून, खुणा करकरून मागितली. एक बाई डोक्यावर चष्मा चढवून चष्मा हरवल्याची तक्रार लिहायला आल्या. काखेत कळसा नि गावाला वळसा कशाला म्हणतात ते या खिडकीत बसलं की आठवड्यातून दोनदा बघायला मिळतं.

सापडलेलं सामान तीन दिवस तसंच ठेवायचं. चौथ्या दिवशी साक्षीदारासमोर उघडायचं, आत काय आहे ते वहीत लिहायचं, पत्ता मिळाला तर कळवायचं. साक्षीदार म्हणजे शेजारच्या चौकशी खिडकीतले चष्मेवाले काका. बाई हात घालायच्या, काका लिहायचे. बाहेरच्या लेबलावर बाईंचा काडीचा विश्वास नव्हता. लेबल फाटतं, भिजतं, कुठेतरी अडकून तुटतं. बॅगेला घरी पोचवते ती आतली चिठ्ठी. ज्याने आत चिठ्ठी ठेवली त्याची बॅग घरी जाते. नाही ठेवली, तर नव्वद दिवसांनी लिलाव. ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना बाई हे सांगत सुटायच्या आणि लोक मान डोलावून विसरून जायचे.

वहीची भाषा ठरलेली होती. सुरुवात 'सदर वस्तू' अशी, आणि नशीब असेल तर शेवटच्या रकान्यात 'मालकाच्या ताब्यात दिली'. बाईंची लेक वाचायला शिकली ती याच वहीवर. एका जागी म्हणून ठरायची नाही, तेव्हा घरातलं नाव भिंगरी. ती दुसरीत असताना बाप गेला. तेव्हापासून शाळा सुटली की ती खिडकीच्या मागे स्टुलावर येऊन बसायची. पाहुण्यांसमोर बाकीची पोरं कविता म्हणायची. ही हात बांधून, मान ताठ करून म्हणायची, "सदर वस्तू मालकाच्या ताब्यात दिली!" पाहुणे हसून हसून बेजार व्हायचे.

ही भिंगरी आता अठराची झाली आणि तिला विद्यापीठात प्रवेश मिळाला. बसने बारा तास लांब. बाई स्थानकातल्या एकूण एक खिडकीत जाऊन सांगून आल्या, आणि आपल्या खुर्चीत परत बसल्या तेव्हा त्या बारा तासांतले थांबे मोजू लागल्या.

कारण भिंगरीला फिट येत असे. गोळ्या वेळेवर घेतल्या तर महिनोन् महिने काही नाही, पण येताना ती सांगून येत नाही. तीन वर्षांपूर्वी परीक्षेहून परतताना भिंगरी बाजारात कोसळली. दप्तर गर्दीत गेलं ते गेलंच. कुणी भल्या माणसाने तिला दवाखान्यात पोचवलं. तिथे ती पाच तास पडून होती आणि खाटेला कागद लावला होता: 'अनोळखी मुलगी, वय अंदाजे पंधरा.' शोधत शोधत बाई तिथे पोचल्या तेव्हा त्यांना आधी तो कागद दिसला, मग लेक. गावभरच्या बॅगा घरी पोचवणाऱ्या बाईंची स्वतःची मुलगी पाच तास बेवारस पडली होती. त्यातला 'अंदाजे' हा शब्द बाईंनी तेव्हापासून वहीत लिहायचा सोडला.

सामान भरायला बाईंनी आठ दिवस आधीपासून घेतलं. त्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कुलपाच्या दोन्ही किल्ल्या एका कडीत ठेवायच्या नाहीत, कारण मग हरवतात त्या दोन्ही. कागदपत्रांचे दोन संच, दोन वेगळ्या पिशव्यांत. जोडे पिशवीत घालून एकमेकांना बांधायचे. एकट्या जोड्यांचं एक अख्खं फडताळ कचेरीत धूळ खात पडलं होतं. गोळ्या तीन ठिकाणी: मोठ्या बॅगेत, खांद्यावरच्या पिशवीत आणि अंगावरच्या खिशात. डॉक्टरांच्या कागदाच्या चार प्रती.

"आई, मी विद्यापीठात चाललेय. लढाईवर नाही," भिंगरी म्हणाली.

"लढाईवर निदान सोबत पलटण असते. मी येते पोचवायला."

"नको. तू आलीस की तुझ्या चेहऱ्यावरूनच सगळ्यांना कळेल."

"मग कळू दे की! कळायलाच हवं. खोलीतल्या मुलींना सांग, वॉर्डनबाईंना सांग."

भिंगरी घडी घालता घालता थांबली. "शाळेत सगळ्यांना माहीत होतं. माझ्या शेजारी बसायला कुणी तयार नसायचं. तिथे त्यांना आधी माझं नाव कळू दे. कधी सांगायचं, कुणाला सांगायचं, ते माझं मी बघेन."

"बरं," बाई म्हणाल्या. त्या इतक्या पटकन 'बरं' म्हणतात तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय हे कुणीही ओळखावं. भिंगरीने ओळखलं नाही.

पुढचे चार दिवस दुपारच्या सुट्टीत बाई खिडकीचं दार लोटून आत काहीतरी शिवत बसायच्या. कापडाच्या बोटभर पट्ट्या, त्यांवर न पुसणाऱ्या पेनाने लिहिलेला मजकूर, आणि भोवती बारीक टाका. घरून एकेक कपडा पिशवीतून आणायच्या आणि शिवून परत न्यायच्या. सदऱ्यांच्या कॉलरमागे, चादरीच्या कोपऱ्यात, जोड्यांच्या जिभेखाली, टॉवेलच्या दुमडीत. चष्मेवाल्या काकांनी एकदा डोकावून विचारलं, "बाई, दुकान काढताय की काय?" बाई म्हणाल्या, "तुमचं नाक तेवढं शिवायचं राहिलंय." काकांनी नाक मागे घेतलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी भिंगरीने स्वेटर घालून पाहिला आणि मान खाजवली. "काय टोचतंय गं हे?" तिने कॉलर उलटी केली. बाई ओट्याशी उभ्या होत्या, त्यांचा चमचा जागच्या जागी थांबला. भिंगरीने मोठ्याने वाचलं:

"सदर वस्तूस फिट येते. कुशीवर वळवावे. तोंडात काही घालू नये. सापडल्यास खालील क्रमांकावर कळवावे."

तिने पुन्हा एकदा वाचलं. "आई. सदर वस्तूस?"

बाईंनी पुढे होऊन पट्टी पाहिली. तेवढ्या पट्ट्या लिहिल्या, पण हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. "अगं... हाताला वळण पडलंय," त्या पुटपुटल्या.

"आणि नव्वद दिवसांत कुणी आलं नाही तर? माझा लिलाव?"

दोघींनाही हसू फुटलं. बाई तर डोळे पुसू लागल्या. पण भिंगरीचं हसू मध्येच आटलं. ती बॅगेपाशी बसली आणि एकेक कपडा उलटा करून बघू लागली. पट्टी, पट्टी, पट्टी.

"मला तिथे माणूस म्हणून जायचंय गं," ती म्हणाली.

"मला भीती वाटते," बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी हे वाक्य लेकीसमोर कधी उच्चारलं नव्हतं. "तुझ्या खाटेला परत तो कागद लागेल आणि मी बारा तास लांब असेन. मला दुसरं काही सुचत नाही. जेवताना तेच, वही लिहिताना तेच."

"तो कागद मीही वाचला होता," भिंगरी हळूच म्हणाली. "शुद्धीवर येताना. माझं नाव मलाच आठवत नव्हतं आणि समोर ते लिहिलेलं. तुला काय वाटतं, भीती तुला एकटीलाच वाटते?"

भाजी करपल्याचा वास आला तशा त्या ओट्याकडे वळल्या.

सकाळी बसपाशी दोघींचं मोजकंच बोलणं झालं. "गोळ्या," बाई म्हणाल्या. "तीन ठिकाणी," भिंगरी म्हणाली. ड्रायव्हर ओळखीचा होता. बाईंनी त्याला 'सांभाळून' एवढंच सांगितलं, आणखी काही सांगावंसं वाटत असूनही ओठ मिटून घेतले. बस कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली तरी त्या फलाटावर उभ्याच होत्या.

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी शिवणाचा डबा उघडला. वर पट्ट्यांचा गठ्ठा होता. एकेक टाका नीट उसवून काढलेला, कापडाला कुठे धक्का नाही. त्यांनी शिवलेल्या पट्ट्या सदतीस. मोजल्या, सदतीस भरल्या. पुन्हा मोजल्या. तिसऱ्यांदा एकेक जमिनीवर मांडून मोजल्या. एकही पट्टी पोरीसोबत गेली नव्हती. आत चिठ्ठी नसलेली बॅग कुठे जाते ते बाईंइतकं कुणाला माहीत होतं?

मन चिंती ते वैरी न चिंती. पुढचे दिवस बाईंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. फोन रोज व्हायचा, पण तो कसला, प्रश्नपत्रिकाच.

"गोळ्या?"

"घेतल्या."

"कुणाला सांगितलंस?"

"आई, तास सुरू होतोय, ठेवते."

म्हणजे नाहीच सांगितलं, असा बाईंनी अर्थ लावला. त्यांना जिना दिसायचा आणि जिन्यावर पडलेली भिंगरी. स्नानघराची आतून लावलेली कडी दिसायची. रस्ता दिसायचा, भोवती जमलेली माणसं, आणि त्यांतला एक जण दुसऱ्याला विचारतोय, "कोण आहे ही? ओळखता का?" स्थानकावर रुग्णवाहिका दिसली तरी त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं.

दहाव्या दिवशी सकाळी एक निळी बॅग उघडायची होती. चौथा दिवस. बाईंनी हात घातला, काकांनी पेन उघडलं. दोन सदरे. वह्या चार. कंगवा. मग बाईंच्या बोटांना गोळ्यांची पट्टी लागली. साधी तापाची होती, पण त्यांचा हात तिथेच गोठला. कुणाची तरी पोरगी, कुणाचा तरी मुलगा.

"बाई? लिहू का? गोळ्यांची पट्टी एक?"

बाईंनी उत्तर न देता भिंगरीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. या वेळी ती वर्गात नसते. वेळापत्रक बाईंना तोंडपाठ होतं. तिसऱ्यांदा लावला. रिंग संपली. काकांनी न सांगता त्यांच्या मागे खुर्ची सरकवली.

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. बाईंना तो उचलायचा नव्हता. एकोणीस वर्षं त्यांनी स्वतः असेच फोन केले होते, अनोळखी नंबरावरून अनोळखी माणसांना: अमुक तुमचं का, अमुक सापडलंय. हा फोन घेणारा माणूस कसा श्वास रोखतो ते त्यांना ठाऊक होतं. काकांनीच बटण दाबलं आणि फोन त्यांच्या कानाला लावला.

"हॅलो? भिंगरीची आई बोलतायत का?"

मुलीचा आवाज. बाईंना आधी हेच कळेना की घरातलं नाव हिला कुठून माहीत.

"काकू, घाबरू नका हं. मी तिच्या खोलीत राहते. आत्ता तासाभरापूर्वी तिला फिट आली होती. ती बरी आहे. झोपलीय."

"कुठे पडली? डोक्याला लागलं?" बाईंनी विचारलं.

"नाही, मी उशी घातली ना. कुशीवर वळवलं, तोंडात काही घातलं नाही, घड्याळ बघितलं. दोन मिनिटं झाली. पाचच्या वर गेली तर डॉक्टर, असं ठरलेलं आहे."

"तुला... हे कुणी सांगितलं?"

"तिनेच की! पहिल्या दिवशी, बॅगसुद्धा उघडायच्या आधी. आम्हा तिघींना कॉटवर बसवलं आणि शिकवणीच घेतली. स्वतः जमिनीवर आडवी पडून दाखवलं. तुमचा नंबरही पाठ करून घेतला, चुकलं की पुन्हा म्हणायला लावायची." मुलगी जरा थांबली. "आणि काकू, मघाशी तिला थोडी शुद्ध आली तेव्हा म्हणाली, आईला फोन कर आणि हे असंच्या असं सांग. मी लिहून घेतलंय, थांबा हं. 'सदर वस्तू मालकाच्या ताब्यात आहे.' मला काही समजलं नाही. म्हणजे काय हो, काकू?"

बाईंनी तोंडावर पदर धरला आणि त्या रडू लागल्या, निळ्या बॅगेवर ओणवून, गदगदून. काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"काकू? ऐकताय ना?"

"ऐकतेय, बाळ," बाई म्हणाल्या. "तुझं नाव काय गं?"

मुलीने नाव सांगितलं. बाईंनी काकांच्या हातातलं पेन ओढून घेतलं आणि ते नाव वहीच्या समासात लिहिलं. मग पेन परत देत त्या काकांना म्हणाल्या, "लिहा. गोळ्यांची पट्टी एक."