साडूंचा होकार

डहाणूपासून गुजरातच्या हद्दीवरच्या अच्छाडच्या नाक्यापर्यंत कुठेही हिंडा, आमच्या साडूंच्या तोंडून कधी नकार ऐकलेला माणूस तुम्हाला सापडणार नाही. सापडलाच तर माझ्याकडे घेऊन या, शाल-नारळ देऊन त्याचा सत्कार करतो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. सरकारी कचेरीत नोकरी, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून घर, आणि मराठीत 'हो', गुजरातीत 'चोक्कस' नि हिंदीत 'क्यों नहीं' एवढ्या भांडवलावर आजवर निभावलेला संसार. एका लग्नसराईत त्यांनी घोलवड, चिखले आणि खुद्द डहाणू अशा तीन ठिकाणच्या दुपारच्या जेवणांना होकार दिला आणि तिन्हीकडे पंगतीला बसले. तिसऱ्या पंगतीत जिलबीचा आग्रह सुरू झाला तेव्हा माणूस घामाने थबथबला होता, तरी हसत मान डोलावून ताट पुढे केलंच. "लोकांच्या मनाला लागतं हो," म्हणाले, आणि पुढचे दोन दिवस ताकावर काढले. शेजारच्या दोघांचं कुंपणावरून भांडण झालं, तेव्हा साडूंनी दोघांनाही "तुमचंच बरोबर आहे" म्हणून सांगितलं. पुढे त्या दोघांचा समेट झाला आणि दोघांनी मिळून साडूंशी बोलणं सोडलं.

आता हे सगळं त्यांच्या स्वतःच्या पोटापुरतं नि पाठीपुरतं होतं तोवर आम्ही हसत होतो. पण त्यांची मुलगी मनू आठवीत गेली आणि पायाला भिंगरी लावल्यासारखी पळते हे सगळ्यांना कळलं. शाळेचे खेळाचे सर म्हणाले, खो-खोच्या संघात घेतो, रोज शाळेआधी सरावाला पाठवा. साडू म्हणाले, "हो, येईल की." त्याच आठवड्यात चिखल्याच्या किनाऱ्यावर मुलांना पळायला शिकवणारे एक प्रशिक्षक भेटले. संध्याकाळी पाठवा म्हणाले. "चोक्कस." गल्लीतल्या कुणी रविवारी बॅडमिंटनचं विचारलं, "क्यों नहीं." बरं, पोरीने बक्षिसं आणावीत, पेपरात फोटो यावा, असली हाव या माणसाला अजिबात नाही. सामना कोण जिंकलं विचारलं तर "सर फार चांगले आहेत हो" असं उत्तर मिळायचं. ते फक्त लोकांची मनं राखत होते आणि पोरगी स्कूटरवर मागे बसून डब्यातले पोहे खात या मैदानावरून त्या मैदानावर जात होती. मेव्हणी कळवळून म्हणायची, "अहो, एकाला तरी नाही म्हणा." त्यावर साडू म्हणायचे, "हो."

व्हायचं तेच झालं. शाळेचा खो-खोचा सामना सकाळी डहाणूत आणि प्रशिक्षकांकडे शिकणाऱ्या मुलांच्या शर्यती दुपारी तलासरीला, एकाच दिवशी. दोन्हीकडे होकार गेलेला आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. साडू माझ्याकडे आले. "साडूभाऊ, त्या दिवशी तुमची गाडी लागेल."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "खो-खो खेळवून पोरीला गाडीत घालून तलासरीला पळवणार? ती काय चिकूची पेटी आहे?"

"शब्द दिलाय हो सरांना," ते म्हणाले. एवढा गरीब चेहरा केला की मी गाडी काढली.

सकाळचा सामना आटोपून निघालो. तलासरीच्या वाटेवर मनू मागच्या सीटवर तिच्या मावशीच्या मांडीवर पाय टाकून पडली होती. बायकोने सहज नडगीवरून हात फिरवला तर पोर कळवळली.

"कधीपासून दुखतंय गं हे?"

"बरेच दिवस झाले. पण पळेन मी, मावशी."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"बाबांनी सरांना हो म्हटलंय ना," मनू म्हणाली.

साडू पुढे माझ्या शेजारी बसले होते. तलासरी येईपर्यंत ते खिडकीबाहेर ट्रकच बघत राहिले.

मैदानावर प्रशिक्षक समोरून आले. "काय मनू, पळणार ना?" आणि मनूने हसून मान डोलावली. अहो, हुबेहूब बाप! तेच कसनुसं हसू, तीच मान. मी बघितलं आणि साडूंनीही बघितलं. दोनदा तोंड उघडून मिटलं, मग हात जोडून म्हणाले, "सर, नाही. आज नाही पळणार ती." हे इतक्या बारीक आवाजात की प्रशिक्षकांनी "काय म्हणालात?" असं विचारलं. बिचाऱ्याला आयुष्यातला पहिला नकार दोनदा द्यावा लागला. "पाय दुखतोय तिचा. चूक माझी आहे."

आभाळ काही कोसळलं नाही. प्रशिक्षकांनी खाली बसून पाय चाचपला आणि म्हणाले, "अहो, मग आधी सांगायचं ना. मी काय वाघ आहे?" त्यांनी तिथूनच शाळेच्या सरांना फोन लावला, तेव्हा कुठे दोघांना कळलं की सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा मिळून एकाच पोरीला दमवत होते. आधी डॉक्टर आणि विश्रांती, मग शाळेचे सामने असतील तेव्हा खो-खो, ते संपले की पळणं, असं दोघांनी ठरवूनही टाकलं. परतीच्या वाटेवर साडू मला सारखं विचारत होते, "सरांना वाईट वाटलं असेल का हो?"

साडू बदलले म्हणाल तर तसं नाही. लोकांना होकार देणं चालूच आहे. फक्त मनूच्या बाबतीत हल्ली आधी तिला विचारतात, "तुला जायचंय का?" आणि उत्तराची वाट बघत उभे राहतात. पुष्कळ दिवस ती त्यांचं वाक्य संपायच्या आत हो म्हणायची. परवाच्या रविवारी सकाळी साडू आमच्याकडे आले आणि चहा संपल्यावर म्हणाले, "मनू आज बॅडमिंटनला जायला नको म्हणाली. नुसतंच नको. कारणही दिलं नाही. मी बरं म्हटलं, तर कूस बदलून झोपली परत."

"छान झालं की," मी म्हटलं.

"हो, छानच झालं." त्यांनी रिकामा कप बशीत ठेवला. "मला असं कधी कुणी विचारलं नाही हो, साडूभाऊ. लहानपणी. विचारलं असतं तर काय बोललो असतो, कोण जाणे."

तेवढ्यात बायकोने त्यांच्यासाठी दुसरा कप आणला. तो त्यांना नको होता, हे मला दिसत होतं. त्यांनी हात पुढे करायच्या आत मीच तो घेतला.