सारवलेलं टेनिस कोर्ट

रहीमभाई टेनिस खेळायला अनवाणी येत. आल्या आल्या माझी रॅकेट कानाशी धरून तिच्या तातीवर टिचकी मारत आणि निकाल देऊन टाकत, "ढिली पडली, बाबूजी. आज तुमी हरता!" आणि अहो, मी हरायचोच.

धंद्याने ते पिंजारी. कापूस पिंजायच्या धनुकलीला बकऱ्याच्या आतड्याची तात लागते. तीच तात ते आमच्या तुटक्या रॅकेटींना ओवून द्यायचे. मी कचेरीतला कारकून. खेळ मला त्यांनीच शिकवला. मी दणके घालू लागलो की म्हणत, "एवढा जोर कायले लावून राह्यले? बॉल तं तुमाले काही म्हनला नाही!"

महायुद्धाच्या आधी वाशीमच्या बागेतलं ते कोर्ट सगळ्यांना फुकट होतं. दर आठवड्याला ते शेणामातीनं सारवायचं काम रहीमभाईंनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. एकदा मी विचारलं, एवढं कशाला करता? तर म्हणाले, "दिवसभर मान खाली घालून रुई पिंजतो, बाबूजी. हा एक घंटा मान वर राह्यते."

मग आमच्या कचेरीत नवे साहेब आले. त्यांनी क्लब काढला, मला चिटणीस केलं आणि सभासदांच्या यादीतून रहीमभाईंचं नाव खोडलं. "सारवायला येऊ दे त्याला. खेळायला नको." बैठकीत आम्ही आठ जण होतो. सगळे मूग गिळून बसले, मीही बसलो. साहेबांची मर्जी जाईल, एवढीच काय ती भीती! लिहितानाही स्वतःची किळस येते.

सांगायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. गेलो तेव्हा त्यांचं अर्धं कोर्ट सारवून झालं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमी काय म्हनले तिथं?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

मी मान खाली घातली. त्यांनी पुन्हा शेणात हात घातला.

"राहू द्या आता, रहीमभाई."

"काहून? अर्ध सारवलेलं कोनी सोडून जाते का?"

त्यांनी पार कडेपर्यंत सारवलं, विहिरीवर हात धुतले आणि गेले. पुन्हा त्यांनी बागेत पाऊल टाकलं नाही.

त्याच हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेलो, तर त्यांची बायको दाराआडून म्हणाली, "त्यायले आत्ताच झोप लागली." आतून खोकला स्पष्ट ऐकू येत होता. मी ओट्यावर थोडा वेळ बसलो आणि परत आलो. चार दिवसांनी ते गेले. मय्यतीला मी सगळ्यांच्या मागे उभा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा निरोप आला, चौथा भिडू कमी पडतोय. मी गेलो. खेळलो. त्यानंतरही सहा वर्षं खेळत होतो.