एकाच पातेल्यातल्या बाटल्या

माझे यजमान सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते, रंगीत औषधं कालवून बाटल्यांत भरून द्यायचे. गाव साखरखेर्ड्याच्या अलीकडचं. लोक डॉक्टरांना हात जोडत आणि यांना 'ए कंपाउंडर' म्हणून हाक मारत. पारावर बसणारा एकजण नेहमी म्हणायचा, "डाक्टर सुई देते. हा निस्ता रंगपंचमी खेळते." सगळे हसत. हेसुद्धा हसत. मला कधी हसू आलं नाही.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. दवाखाना यांच्यावर सोपवून डॉक्टर गावोगाव लस टोचत फिरत होते. औषधासाठी बाटली घरून आणायची रीत होती. कुणाची रॉकेलची, कुणाची तेलाची, ओढ्यात विसळून आणलेली. साथ त्याच ओढ्यातून पसरत होती. उकळल्याशिवाय एकही बाटली भरायची नाही, असं यांनी ठरवलं आणि उकळायचं काम माझ्याकडे आलं. दवाखान्याच्या अंगणात तीन दगड मांडून मोठं पातेलं चढवलं. ओळख पटावी म्हणून बाटलीच्या गळ्याला ज्याची त्याने चिंधी बांधायची.

पहिल्याच दिवशी कुरकुर सुरू झाली. सगळ्या जातींच्या बाटल्या एका पाण्यात! उकळत्या पाण्यात मरणारी पटकी लोकांना दिसत नव्हती, विटाळ तेवढा दिसत होता.

आमचा घरमालक गावातला मोठा शेतकरी. त्याची सून आजारी पडली. बाटली वेगळ्या भांड्यात उकळ म्हणाला. मी नाही म्हटलं. यांनी मला बाजूला घेतलं, एक भांडं वेगळं ठेवलं तर काय बिघडतं म्हणाले. आज त्याचं भांडं ठेवलं तर उद्या जितक्या जाती तितकी भांडी मांडावी लागतील, आणि त्या पातेल्यातले लोक खालचे हे आपणच कबूल केल्यासारखं होईल, असं मी यांना सांगितलं. हे औषध भरायला परत गेले.

मालक सगळ्यांदेखत म्हणाला, "बाटल्या धुनारीनं मले शिकवू नये."

मी म्हटलं, "तुमच्या घरी पटकी वेगळी आली का? सगळ्यायले आली तेच तुमाले आली. पातेलंही तेच."

"मंग संध्याकाळपर्यंत खोली खाली करा."

मला सातवा महिना होता. तरी ट्रंक आणि अंथरूण उचलून दवाखान्याच्या ओसरीवर आणलं. कुणी हात लावायला आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालकाची बायको मागच्या बाजूने आली. पदराखालून बाटली काढली, हिरवी चिंधी बांधलेली, आणि माझ्याकडे न देता स्वतः पातेल्यात सोडली. पाणी उकळेपर्यंत जागची हलली नाही. यांनी बाटली भरून दिली. कसं पाजायचं, पाणीही उकळूनच कसं द्यायचं, हे तिला दोनदा समजावलं.

सून वाचली. डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, असं मालक गावभर सांगत सुटला. डॉक्टरांनी तिला पाहिलंही नव्हतं. साथ ओसरल्यावर त्याने निरोप पाठवला, खोली रिकामी आहे, राहायला या.

मी निरोप्याला म्हटलं, "त्यायले सांग, कोन्या पातेल्यातली बाटली होती ते पारावर बसून सांगा. मंग येऊ."

त्याने सांगितलं नाही. आम्ही गेलो नाही. माझी मुलगी दवाखान्यात, औषधाच्या पेट्या ठेवायच्या खोलीत जन्मली. तिच्या अंघोळीचं पाणी मी त्याच पातेल्यात तापवलं.