डब्याचा काठ

केनवडच्या बसस्टँडवर पंक्चर काढणाऱ्या बाबांना रिकामा डबा फेकलेला पाहवत नाही. रंगाच्या डब्यात ते ट्यूब बुडवतात, तेलाच्या पिप्यावर गिऱ्हाईक बसवतात. वर म्हणतात, "डब्बा रिटायर होत नाई, मास्तर. त्याची बदली होते."

परवा आईला धान्य काढायला मी एक डबा त्यांच्याकडून कापून घेतला. त्यांनी कापलेला काठ आत दुमडून ठोकला आणि मनगटाच्या आतल्या बाजूवरून फिरवून पाहिला. रक्ताची बारीक रेघ उमटली.

"बाबा, असं काहून करता?"

"तळहाताले आता धार समजत नाई. अन् तुमच्या मायचा हात याच्याहून नरम असन."

त्यांनी काठ पुन्हा ठोकला, पुन्हा मनगटावरून फिरवला.

"न्या आता."

डबा घेताना त्या मनगटावरच्या जुन्या रेघा मला पहिल्यांदाच दिसल्या. मोजता येण्याजोग्या नव्हत्या.