फोन आडवा धरला की आबा वर

बसा, चहा घ्या, आणि हसायचं असेल तर मी गेल्यावर हसा. माझ्या धाकट्या बहिणीचं, वैशूचं, लग्न माझ्यामुळे मोडायला आलं होतं हे तुमच्या कानावर आलंच असेल. लोक म्हणतात, सुनीलने निष्काळजीपणा केला. हे साफ खोटं आहे. मी अतिशय काळजीपूर्वक केलं होतं. घोटाळा त्यानेच झाला.

तर त्या दिवसांत मी ई-मेल शिकत होतो. पाठवायला नव्हे हो, बनवायला. जळगावात आमचं जाहिरातींचं छोटं ऑफिस आहे. साहेब म्हणाले, आता गिऱ्हाइकाला रंगीत, फोटोवाला मेल लागतो, आणि तो लहान फोनवर, मोठ्या टॅबवर, कंप्युटरवर, सगळीकडे नीट बसला पाहिजे. याला रिस्पॉन्सिव्ह म्हणतात. मी ऑनलाइन कोर्स लावला. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. स्क्रीन किती रुंद आहे हे मेलला कळतं, आणि त्याप्रमाणे तो आपले तुकडे दाखवतो किंवा लपवतो. अरुंद स्क्रीनला एक तुकडा, रुंद स्क्रीनला दुसरा. मेल तोच, पण ज्याला त्याला वेगळं दिसणार.

ज्याच्या घरात लग्न आहे अशा माणसाला हे शिकवू नये.

आमचे वडील नाहीत. त्यामुळे पत्रिकेत निमंत्रक म्हणून पहिलं नाव कोणाचं, हा प्रश्न होता. आबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, नरडाण्याकडे असतात. धुळ्याचं हे स्थळ त्यांनीच आणलं, सोयरीक त्यांनी जमवली. मामा रावेरचे, केळीवाले. वडील गेल्यावर वैशूला त्यांनी आपल्या घरी नेलं आणि पोटच्या पोरीसारखं शिकवलं. दोघांचाही हक्क पुरा. आणि दोघं एकमेकांशी फार जपून बोलायचे, कारण आईच्या लग्नात मामांना कोणीतरी दुसऱ्या पंगतीला बसवलं होतं. ते कोणी बसवलं याचा तपास अजून चालू आहे.

वैशूने मला बाजूला घेऊन सांगितलं, "दादा, मांडवात मला दोघंही पाहिजेत. आबांनी कन्यादान करायचं आणि मामांनी मला धरून आणायचं. एक जरी रुसून बसला ना, तर मी खोलीतून बाहेर येणार नाही. तू सांभाळ."

ती हे गमतीने बोलत नव्हती. मी तिला लहानपणापासून ओळखतो.

नवऱ्या मुलाच्या ऑफिसातली माणसं लांबलांबची, म्हणून पत्रिका आधी मेलने जाणार होती आणि त्याच्यावरूनच मग छापायची होती. मेल बनवणार कोण, तर घरात शिकलेला मी. आता बघा, मामांचा फोन लहानसा, काच तडकलेली. आबांकडे मुलाने दिलेला भला मोठा टॅब, त्यावर ते कीर्तन ऐकतात. मला एकदम सुचलं. अरुंद स्क्रीन असली तर मामांचं नाव वर. रुंद असली तर आबांचं वर. आणि कंप्युटर असला तर दोघं शेजारी शेजारी, एकाच मापाच्या अक्षरात. एका मेलात तीन पत्रिका, पण ज्याला त्याला एकच दिसणार. कोर्सच्या सरांनाही हे सुचलं नसतं, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, सुचलं असेल, पण ते शहाणे होते.

आमच्याकडे प्रत्येकाचं मेलचं खातं असतं, फोन घेताना दुकानदाराने उघडून दिलेलं. पासवर्ड कोणालाच माहीत नसतो, पण मेल येतो. मी पाठवला, आणि संध्याकाळी मामांचा फोन आला.

"भाचे, मन भरून आलं रे भो. माह्यं नाव पह्यलं. आबा काही म्हनले नाही ना?"

"नाही मामा."

लगेच मागून आबांचा, त्यांच्या अहिराणीत, जिच्यात बठ्ठं म्हणजे सगळं.

"देखी लिधं मी. बठ्ठं बरोबर शे. मामा काही बोलना नही ना?"

"नाही आबा."

यात मी खोटं एक अक्षर बोललो नाही. त्या घडीला कोणीच काही बोललं नव्हतं. रात्री मी छान झोपलो.

पुढच्या आठवड्यात बस्ता होता. म्हणजे लग्नाचे कपडे घ्यायला सगळं गणगोत कापड दुकानात जाऊन बसतं ना, ते. जळगावच्या दुकानात आई, वैशू आणि बाकी बायका साड्यांच्या ढिगात शिरल्या, आणि गादीवर लोडाला टेकून, एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला मामा. हे दोघं एका गादीवर येतील हे माझ्या डिझाइनमध्ये धरलेलं नव्हतं.

चहा आला. मामांना बरं वाटत होतं. माणसाला बरं वाटलं की तो उगाच चांगलं बोलतो.

"आबासाहेब," मामा म्हणाले, "तुमचं मन मोठं. माह्यं नाव वरे टाकू देलं तुम्ही."

आबांनी बशी खाली ठेवली. "तुमनं? वर ते मन्हं शे."

मामा हसले. फोन काढला, पत्रिका उघडली, आबांपुढे धरली. वर मामाच होते. आबा म्हणाले, अक्षर दिसत नाही. म्हणून मामांनी मोठं दिसावं यासाठी फोन आडवा केला.

आबा वर आले.

मामांनी फोन उभा केला. मामा वर. आडवा केला. आबा वर. परत उभा. दुकानदार हातात शालू उलगडून धरून तसाच उभा राहिला. मग आबांनी फोन आपल्या हातात घेतला आणि स्वतः करून पाहिलं, कारण मामांच्या हातावर त्यांचा विश्वास नव्हता. तेच झालं.

"हाई काय शे?" आबांनी मला विचारलं.

मी समजावून सांगितलं. शांतपणे, जसं कोर्समध्ये सांगतात तसं. की याला रिस्पॉन्सिव्ह म्हणतात, समोर काय आहे ते बघून हा आपलं रूप बदलतो, आणि सध्या सगळ्या जगात अशीच पद्धत आहे.

आबा म्हणाले, "समोरला देखीसन तोंड बदलस, त्याले आमना गावमा दुसरं नाव शे."

ते नाव त्यांनी घेतलं. दुकानात बायका होत्या, तरी घेतलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी काहीतरी सांभाळून नेलं असतं. पण तेवढ्यात माझा फोन वाजला. तो वैशूजवळ होता. तिच्या दोन्ही हातांत साड्या, म्हणून तिने स्पीकर लावला. धुळ्याहून तिचे होणारे सासरे बोलत होते. सभ्य माणूस, ऑफिसातला.

"सुनीलराव, मेल मिळाला. छान आहे. फक्त एक विचारायचं होतं. लग्न एकच आहे ना?"

त्यांच्या ऑफिसातला कंप्युटर जुना. तुकडे दाखवायचं त्याला कळतं, लपवायचं कळत नाही. त्याने तिन्ही पत्रिका एकाखाली एक दाखवल्या.

"पहिल्या पत्रिकेत मामा बोलावतात," सासरे सांगत होते, "दुसरीत आबा बोलावतात, तिसरीत दोघं मिळून. मी प्रिंट काढून ऑफिसात लावली हो. लोक विचारतायत, मुली किती आहेत."

वैशूने हातातल्या साड्या खाली ठेवल्या. आबा उठून चप्पल शोधायला लागले. मामाही उठले, दुसऱ्या दाराकडे. तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिचे डोळे भरले. खरं सांगतो, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

आई इतका वेळ एक जांभळी साडी उजेडात धरून बघत होती. ती तशीच धरून तिने विचारलं, "अरे सुनील, माझं नाव कोणत्या फोनवर दिसतं?"

टोमणा नव्हता हो. तिला खरंच वाटलं की त्याच्यासाठी वेगळा फोन लागत असेल. तीन पत्रिका बनवल्या होत्या मी, आणि एकीतही ते टाकलं नव्हतं. मला सुचलंच नव्हतं. आबांना सुचलं नव्हतं, मामांना सुचलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की मी शालूकडे बघत राहिलो.

आबा एका पायात चप्पल घालून थांबले. मामा दारातून परत आले.

"वरे अक्काचं नाव टाक," मामा आईकडे बघत म्हणाले. "एकलीचं."

"मी तेच सांगनार व्हतू," आबा म्हणाले. "आमना दोन्हीसना खाले टाक. कोना बी आगे, कोना बी मांगे."

ते दोघं एकमेकांशी सहमत झाल्याचं आमच्या घराण्यात कोणी पाहिलं नव्हतं. त्यांनाही ते आवडलं असावं, कारण मग ते थांबेचनात. परत गादीवर बसले, आणखी चहा मागवला आणि मिळून मला मजकूर सांगायला लागले. शेवटी वैशूने विचारलं, "आणि दादाचं नाव?"

मामांनी आबांकडे पाहिलं. आबांनी मामांकडे पाहिलं.

"त्याले लेकराईत टाक," मामा म्हणाले.

"हां," आबा म्हणाले. "बठ्ठासना खाले."

पत्रिकेच्या तळाला ते असतं ना, 'किलबिल' लिहून, 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' आणि खाली घरातल्या पोरांची नावं? तिथे आबांची नातवंडं, चिरंजीव ओम, कुमारी परी, आणि त्यांच्याखाली मी. बत्तीस वर्षांचा. वैशू माझी धाकटी बहीण, पण त्या ओळीपुरती ती माझी आत्या झाली. मी ते माझ्या हातांनी टाइप केलं आणि सगळ्या स्क्रीनवर तपासलं. फोन उभा धरा, आडवा धरा, टॅबवर बघा, धुळ्याच्या कंप्युटरवर बघा. माझं नाव कुठेच हललं नाही.

लग्न झालं. आबांनी कन्यादान केलं, मामांनी वैशूला धरून मांडवात आणलं, आई जांभळ्या साडीत पुढे बसली होती. मुलाकडच्या एक आजी पाहुण्यांत फिरून पोरांना खाऊ वाटत होत्या. पत्रिकेवरून त्यांनी नावं पाठ केली होती. ओमला दिला, परीला दिला, आणि माझ्यापुढे येऊन म्हणाल्या, "अहो, तुमच्यातला सुनील कुठंय? त्याच्यासाठी रंगपेटी आणलीय."

मी हात पुढे केला.